रमजानातला नाताळ

"पाद्रीसाहेबाची पोरगी आमच्यावर पुस्तक लिवतीया म्हनं."

"लिवू दे की. तिनं लिवल्यानं माझा रोजा तुटतोय व्हय?"

परड्याच्या भिंतीपलीकडे दोघी बोलत होत्या. पहिला आवाज कुणा पाहुणीचा होता. दुसरा जैनबचाचीचा, आमच्या शेजारणीचा. मी अलीकडच्या बाजूला दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होते. भिंत माझ्या खांद्याएवढी. वाकलं की पलीकडून दिसत नसे. वडिलांचा उपासनेचा पांढरा अंगरखा छातीशी धरून मी, पाद्रीसाहेबाची ती पोरगी, वाकले.

"पर काय लिवतीया?" पाहुणीने विचारलं.

"मला काय ठावं? इंग्रजी साळंत शिकलीया. आमच्यापरीस तिलाच जास्त ठावं असंल."

दोघी हसल्या. त्या हसण्यात विखार नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं. रागावून तरी घरात जाता आलं असतं. तशीच वाकून मी बसले, आणि उठावं कधी तेच कळेना.

यंदाही नाताळ रमजानात आला आहे. मुसलमानांचा महिना दरवर्षी थोडा अलीकडे सरकतो. त्यामुळे आता तो मार्गशीर्षाच्या चंद्रकोरीबरोबरच लागला, आणि नाताळाच्या पाठोपाठ ईद येईल. मी सांगते आहे ती गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. तेव्हा रोजे नुकते सुरू झाले होते, आणि पहिल्याच आठवड्यात आमचा सण पडला. बाकी बारामतीचं डिसेंबरातलं रूप तेच आहे. कालव्यावरून सकाळी धूर उठावा तशी वाफ उठते. चहूकडच्या गुऱ्हाळांचा गोड, थोडा करपलेला वास वाऱ्याबरोबर गावात शिरतो आणि वाळत घातलेल्या कपड्यांना लागतो. गुळाच्या ढेपा भरलेल्या गाड्या बाजाराकडे करकरत जातात, आणि दौंडाकडे निघालेल्या लहान आगगाडीची शिटी ऐकून त्यांचे बैल कान हलवतात. हे सगळं मला आवडतं. पण या दिवसांत एका जागी बसवत नाही. हातात शिवण घेते, ठेवते. पुस्तक उघडते, मिटते. आई म्हणते, "तुझ्या पायात काय भोवरा आहे का गं?" मी पुन्हा शिवण हातात घेते.

बोलणं मला कधी जमलंच नाही. पुण्याच्या इंग्रजी शाळेत मी बोर्डिंगात राहून शिकले. गावाकडे आले तेव्हा लोकांना वाटे, हिला मराठीत सुचत नसेल. शाळेतल्या मुलींना वाटे, हिला इंग्रजीत सुचत नाही. खरं म्हणजे मी दोन्ही भाषांत गप्प बसत असे. गप्प माणसाला लोक शहाणं समजतात, आणि मग त्याच्यावर कामं पडतात.

ते काम मिसबाईंनी दिलं. मिसबाई आमच्या मिशनच्या. पस्तिशी उलटलेल्या, उन्हाने लाल झालेल्या, मनाने फार चांगल्या. घोड्याच्या टांग्यात बसून त्या गावोगाव फिरत, आणि व्याकरणाच्या पुस्तकातून उचलल्यासारखं शुद्ध मराठी बोलत. नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात इंदापूरला बायबलबायांची सभा भरायची होती. बायबलबाया म्हणजे घरोघर जाऊन बायकांना शुभवर्तमान सांगणाऱ्या आमच्या मंडळीतल्या स्त्रिया. त्यांना मुसलमानांच्या घरात जाता येई, पण बोलावं काय ते कळत नसे. म्हणून मिसबाईंनी एक लहानसं इंग्रजी पुस्तक आणलं होतं, ख्रिस्ती माणसाला इस्लामची ओळख करून देणारं. त्याचं मराठी मी करायचं आणि सभेत वाचून दाखवायचं.

"तू त्यांच्या शेजारी राहतेस, सुशीला," त्या म्हणाल्या. "पुस्तकात जे आहे ते तू मराठीत कर. आणि जे तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहेस, तेही त्यात घाल. स्त्रियांना उदाहरणे आवडतात."

मी मान हलवली. नाही म्हणायलासुद्धा बोलावं लागतं.

वडिलांच्या मेजावर, खिडकीशी बसून मी लिहू लागले. पहिली पानं भराभर झाली. देव एकच आहे, त्याला आकार नाही, मूर्ती नाही. दिवसातून पाच वेळा नमाज. वर्षातून एक महिना उपास, गरिबांना दान, आयुष्यात एकदा मक्केची वाट. मग नावं आली: इब्राहीम, मूसा, दाऊद, मरियम, इसा. रविवारच्या शाळेत लहानपणापासून ऐकलेली माणसं, वेगळ्या घरात वेगळ्या हाका मारून बोलावलेली. शब्द शोधताना मला मजा वाटत होती. पुस्तकात सगळीकडे 'महंमदी' म्हटलं होतं. चाची स्वतःला मुसलमान म्हणे. मी मुसलमान लिहिलं. एवढं स्वातंत्र्य मी घेतलं आणि कुणी पाहिलं नाही ना म्हणून उगीच मागे वळून बघितलं.

मग स्त्रियांवरचं प्रकरण आलं. त्यातलं एक वाक्य मी मराठीत असं केलं: 'ह्यांच्या स्त्रिया देवाला ओळखत नाहीत, त्या त्याला केवळ भितात.' आणि इंग्रजी पुस्तकात त्याच्या खाली मिसबाईंच्या पेन्सिलीने लिहिलं होतं, इथे शेजारणीचे उदाहरण घालणे.

ती शेजारीण त्या वेळी आमच्याच ओसरीवर बसलेली होती.

तांबोळ्याचं घर. चाचींच्या मालकांची स्टेशनाच्या वाटेवर पानाची गादी होती. निमगावच्या मळ्यांतून पानाच्या डागी, मोठाल्या करंड्या, येत. त्यातली पानं निवडायची, कुजकी बाजूला काढायची, चांगली ओल्या फडक्यात मांडायची, हे चाचीचं काम. एरवी ती ते आपल्या दारात करी. रमजानात दुपार सरता सरत नाही म्हणून टोपली घेऊन आमच्याकडे येई. वर्षभर जिच्या गालात विडा असे, ती त्या महिन्यात दिवसभर हिरव्यागार पानांत बसे आणि ओठ सुकलेले. आई एकदा म्हणाली, "कसं राहवतं हो तुम्हाला?"

"राहवत न्हाईच की," चाची म्हणाली. "राहवलं असतं तर रोजा कशाला धरला असता?"

मी खिडकीतून ऐकत होते. लेखणीची शाई वाळली.

हे उदाहरण कोणत्या वाक्याखाली घालायचं, मला समजेना. भीतीचं म्हणावं तर ती हसत होती. पाहिलं ते लिहायचं असं मिसबाईंनी सांगितलं होतं, आणि मी पाहत होते ते पुस्तकात कुठे बसत नव्हतं. पण मी काय पाहत होते? पानं निवडणारे हात. त्या हातांच्या मालकिणीच्या मनात देव कसा आहे, ते ओसरीवरून दिसत नाही.

"काय गं सुशे, सारखी लिवत असतीस?" चाचीने खिडकीकडे मान वर करून विचारलं.

"शाळेचं आहे."

"साळा संपली न्हवं तुजी?"

"संपली."

चाचीने माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि पुन्हा पानांत डोकं घातलं. भिंतीपलीकडचं ते बोलणं मी ऐकलं ते याच्या दुसऱ्या दिवशी. म्हणजे तिला आधीपासून ठाऊक होतं. आमच्या गल्लीत काही लपत नाही. माझ्या लिहिण्याची बातमी बहुधा आमच्याच प्रार्थनेच्या बैठकीतून तिच्या दारापर्यंत गेली असावी.

नाताळच्या दिवशी आईने करंज्या, अनारसे, शंकरपाळे यांची ताटं केली. ती दरवर्षी उपासना संपली की दुपारीच शेजारी जात. त्या वर्षी तांबोळ्यांचं ताट तिने विणलेल्या रुमालाने झाकून फळीवर ठेवलं आणि दिवस मावळायची वाट पाहिली. मग मी ते घेऊन गेले. चाचींकडे सगळे फडक्यावर बसले होते, मधे खजूर, पाणी, भिजवलेली डाळ. मशिदीतून बांग आली. चाचीने खजूर तोंडात टाकला, पाणी प्याली आणि पहिला हात आमच्या करंजीला घातला.

"इसा पैगंबराच्या जनमाची करंजी," ती मालकांना म्हणाली. "बीबी मरियमला मातर ह्यातलं काय मिळालं न्हाई. तिनं खजूरच खाल्ला."

मी विचारलं, "कधी?"

"कळा येत हुत्या तवा. एकलीच हुती बिचारी. खजुराच्या झाडाला धरून बसली, म्हनली, मी आधीच मेली असती तर बरं. मग खालून हाक आली, दुख करू नगंस, झाड हलीव. पिकला खजूर खाली पडला."

मी घरी आले. आमच्या चर्चमध्ये लहान मुलांनी मांडलेला गोठा होता. त्यात योसेफ होता, मेंढपाळ होते, मातीची गाय होती. मरियेभोवती किती गर्दी. आणि शेजारच्या घरात तीच मरिया एकटी, रानात, झाडाच्या खोडाला धरून. दोन्ही चित्रं एका माणसाच्या डोक्यात मावतात का? माझ्या डोक्यात ती मावली, पण दाटीवाटीने, आणि त्या दिवसांत मी जिथे जाई तिथे ती एकमेकांना ढकलत राहत.

मावलं नाही ते दुसरंच होतं. दोन दिवसांनी रिकामं ताट परत द्यायला चाची आली. रिकामं कसलं, त्यात साखर आणि चार पेरू होते. आमच्या भिंतीवर क्रूस आहे, साधा, सागाचा. त्याच्याकडे बघत ती म्हणाली, "येक इचारू? तुमी त्यो सूळच का टांगून ठिवता? आमच्यात तर इसा पैगंबरास्नी सुळावर दिलंच न्हाई. अल्लानं वर उचलून घेतलं. आपल्या मानसाला आसं मरू दील व्हय त्यो?"

आई स्वयंपाकघरात होती. उत्तर मी द्यायचं होतं, आणि ते मला येत होतं. लहानपणापासून पाठ होतं. पण पाठ असलेलं आणि आपलं यांत किती अंतर असतं ते त्या क्षणी कळलं. माझ्या विश्वासाचा सगळा भार त्याच जागी आहे: देवाने आपल्या पुत्राला मरू दिलं, आणि त्यातच त्याचं प्रेम आहे. चाचीला तिथेच देवाचा कमीपणा दिसत होता. ती देवाच्या अब्रूला जपत होती. माझ्या देवाने ती आपण होऊन टाकून दिली होती. एवढं सगळं मनात आलं आणि तोंडातून आलं, "वडिलांना विचारते."

वडील रात्रीचं जेवण आटोपून हात पुसत होते. त्यांनी ऐकून घेतलं. "तिथं आपण वेगळेच आहोत, बाळ. ते लपवायचं नाही," ते म्हणाले. "पण तिनं विचारलं तुला. मला नाही." आणि ते दिव्याची वात सारखी करू लागले.

मला शाळेतली एक संध्याकाळ आठवत राहिली. विलायतेहून आलेले एक पाहुणे मॅजिक लँटर्न घेऊन आले होते. पडद्यावर काचेची चित्रं पडत आणि ते आमच्या प्रांतातल्या 'गरीब, साध्या' ख्रिस्ती लोकांविषयी सांगत. एका चित्रात विहिरीवर उभी असलेली बाई माझी मावशी होती. पाहुणे म्हणाले, या लोकांना आताशा कुठे स्वच्छतेची सवय लागते आहे. माझी मावशी भांडी अशी घासते की त्यांत तोंड दिसतं. अंधारात शेजारच्या मुली माझ्याकडे वळल्याचं मला न बघता कळलं. पाहुणे खोटं बोलावं म्हणून बोलत नव्हते. त्यांच्या आवाजात माया होती. मी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांनी वाजवल्या तेव्हा.

इंदापूरला जायचा दिवस आला. मिसबाई आदल्या दिवशीच टांग्याने पुढे गेल्या होत्या. मी सर्व्हिस मोटारीने निघाले, आणि माझ्या शेजारच्या जागेवर बोचकं घेऊन चाची येऊन बसली. तिची लेक इंदापुरात दिली होती. बाळंत झाली होती. "बरं झालं," ती म्हणाली. "सोबत झाली."

कागदांची गुंडाळी मी पदराखाली धरली होती.

मोटार काटेवाडी सोडून सणसरकडे लागली. दोन्ही बाजूंना उसाचे फड, मग ऊस संपून शाळू, मग नुसता माळ. आईने मला दशम्या आणि लसणाची चटणी बांधून दिली होती. सकाळी घाईत काही खाल्लं नव्हतं. पोटात कावळे ओरडत होते, पण रोजा धरलेल्या बाईच्या मांडीला मांडी लावून खायचं कसं? मी डबा पायाशी सरकवला आणि बाहेर बघत राहिले. अंथुर्ण्याच्या पुढे टायर गेलं. सगळे उतरले. ड्रायव्हर टायरशी झगडत होता, ऊन डोक्यावर आलं होतं, आणि मी बाभळीच्या सावलीत उपाशी, पुण्यवान आणि चिडलेली अशी उभी होते.

चाचीने बोचकं सोडलं. त्यातून भाकरी काढली, कांदा काढला, बुक्कीने फोडला आणि जेवायला बसली.

मी बघतच राहिले.

"काय बघतीस? ये की."

"तुमचा रोजा?"

"गेल्या हप्त्यात हिवताप आला न्हवता व्हय मला? डाक्टर म्हनला, कोयनेल रिकाम्या पोटी घिऊ नगंस. आजाऱ्याला सूट हाय, ईद झाली की भरून काढीन." तिने घास तोंडात टाकला, मग थांबून माझ्याकडे पाहिलं. "आन् तू का गं उपाशी? तुमच्यात बी रोजं सुरू झालं?"

मी डबा वर काढला. चाचीला सगळं कळलं आणि ती अशी हसली की ड्रायव्हरने टायर सोडून वर पाहिलं. "अगं माज्यासाठी व्हय! आता तुजा रोजा मला लागू हुतोय का काय बघाया पायजे."

आजारी माणसाला आणि प्रवाशाला सवलत आहे, उरलेले रोजे मागाहून धरायचे, हे मला नवीन नव्हतं. माझ्याच हाताने ते मराठीत उतरलं होतं, त्या गुंडाळीत दुसऱ्या की तिसऱ्या पानावर. तिला ताप आलेला मला माहीत होता. तिच्या उशाशी आईने नेलेली पेज मी पाहिली होती. कागदावरची गोष्ट आणि शेजारची बाई या दोन्ही मला ठाऊक होत्या, आणि तरी माझ्या मनात त्या एकमेकींना भेटल्या नव्हत्या. माझ्या मनातली मुसलमान बाई उन्हात तहानलेली, भेदरलेली, नियमाला जखडलेली बसली होती. बाभळीखाली बसलेली चाची माझी लसणाची चटणी बोटाने चाटून म्हणत होती, "आईला सांग, मीठ कमी पडलं."

मोटार पुन्हा सुरू झाली तेव्हा तिने विचारलं, "इंदापुरात काय वाचनार हायस?"

"सभेत. असंच."

"आमच्यावरच न्हवं? मला न्हाई वाचून दावलंस कवा."

"तुम्हाला आवडणार नाही, चाची."

"आवडाया ते काय कालवन हाय?" ती म्हणाली. मग बोचक्याची गाठ सोडून पुन्हा बांधत राहिली. निमगावचे पानमळे आले, शेवरीच्या सावलीतल्या हिरव्या भिंती. तिने त्यांच्याकडेही पाहिलं नाही. उतरताना फक्त म्हणाली, "मी येनार हाय आयकाया."

ती येणार नाही, असं मी त्या संध्याकाळी स्वतःला सांगत राहिले. लेक बाळंतीण, घरात काम. आली तर काय होईल याचा विचार मनात आला की मी गुंडाळी उलगडून स्त्रियांवरचं ते वाक्य पुन्हा वाची. ते गाळून टाकावं, असंही मनात आलं. मग ते मिसबाईंच्या हातातल्या इंग्रजी पुस्तकात तसंच राहील, आणि मी गेल्यावर दुसरं कुणीतरी ते वाचेल. आणि मीच वाचलं तर? जन्मभर त्या खांद्याएवढ्या भिंतीच्या अलीकडे मला वाकूनच राहावं लागेल.

सभा शाळेच्या खोलीत होती. सतरंज्यांवर पांढऱ्या लुगड्यांच्या बायबलबाया बसल्या होत्या, कुणाच्या मांडीवर गीतांचं पुस्तक, कुणाच्या पायाशी काठी. मिसबाई एकट्या खुर्चीवर. गीत झालं, प्रार्थना झाली. मी उभी राहिले आणि वाचू लागले. कागद मी दोन्ही हातांनी धरला होता. एक देव. नमाज. रोजा. बाया माना डोलावत होत्या. इब्राहीमचं नाव आलं तेव्हा पुढची म्हातारी शेजारणीला म्हणाली, "आपलाच की ह्यो." तिथवर माझा आवाज मला परका वाटत होता, पण येत होता.

दारात सावली पडली. चाची आत आली, खांद्यावर फडक्यात गुंडाळलेलं नातवंड. चपला बाहेर काढून ती दाराशी, सतरंजीच्या कडेला बसली आणि बाळाला मांडीवर थोपटू लागली. मिसबाईंनी तिच्याकडे पाहून प्रेमाने मान लववली. त्यांना वाटलं असेल, कुणी नवी ऐकणारी आली.

मी पान उलटलं. वाक्य वरच होतं.

कुणाला वाटलं मी पाणी पिण्यासाठी थांबले. एकीने तांब्या पुढे सरकवला. मिसबाई हळूच म्हणाल्या, "पुढे वाच, सुशीला." चाची माझ्याकडे बघत होती. त्या नजरेत काही मागणं नव्हतं. ओसरीवर पानं निवडताना ती जशी बघे तशीच बघत होती, एकेक पान उचलून, उलटं करून. मला वाटलं, आता नेहमीसारखी मान हलवीन आणि पुढचं वाचीन. मी कागद मेजावर ठेवला. हात मोकळे झाले आणि त्यांचं काय करावं ते सुचेना, म्हणून मी ते पदरात धरले.

मी म्हणाले, "पुढं असं लिहिलंय की मुसलमान बायका देवाला ओळखत नाहीत, नुसत्या भितात. हे खरं आहे का, मला ठाऊक नाही. ख्रिस्त माझ्यासाठी क्रूसावर मेला, हे मी सांगू शकते, ते माझं आहे. चाचींनी मला त्याबद्दल विचारलं होतं, त्याचं उत्तर मी त्यांना देणार आहे, आज नाही तर घरी गेल्यावर. पण हे दुसरं मी सांगू शकत नाही. त्या दाराशी बसल्यात, माझ्या शेजारच्या जैनबचाची. चाची, तुम्ही देवाशी काय बोलता ते तुम्हीच सांगा. बाळ माझ्याकडे द्या. मी खाली बसते."